ऑनलाइन मास्टर्स की झांझिबारचा आयआयटी कॅम्पस?

दार-एस-सलाममधल्या आपल्या बऱ्याच लोकांना हल्ली हा प्रश्न पडतो, डेटा सायन्स शिकायचंय पण नोकरी सांभाळून ऑनलाइन करायचं की सरळ कॅम्पसला जायचं. मी दोन्ही बघितलंय, आधी एका परदेशी युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन मास्टर्स एक टर्म केलं, मग ते सोडून आयआयटी मद्रासच्या झांझिबार कॅम्पसला एमटेकला गेलो.

शिकवण्याच्या बाबतीत ऑनलाइनला नावं ठेवणार नाही. लेक्चर छान होती, अडलं की परत लावून बघता यायची, पगार चालू होता, पोरांची शाळा हलवावी लागली नाही.

मला नडली ती परीक्षा. कॅमेरा चालू ठेवून द्यायची आणि कनेक्शन तुटलं की पेपर बंद. मे 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ईस्सी आणि सीकॉम या दोन समुद्राखालच्या केबल एकदमच तुटल्या, तेव्हा टांझानियात नेटचे काय हाल झाले ते इथल्यांना सांगायला नको. माझा पेपर नेमका त्याच आठवड्यात! सिग्नल मिळावा म्हणून फोन खिडकीच्या जाळीला बांधला, हॉटस्पॉट लावला, चाळीस मिनिटं नीट गेली आणि मग स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. चार दिवसांनी मेल आला, नेटची जबाबदारी विद्यार्थ्याची, परत बसायचं तर फी भरा. केबल तुटल्याची बातमी जोडून पाठवली तरी उत्तर तेच. अभ्यास पूर्ण झालेला असताना हे ऐकून घेणं फार जड गेलं, दर टर्मला हा धसका घेऊन कोण शिकणार?

झांझिबारचा कॅम्पस 2023 ला सुरू झाला, आयआयटीचा भारताबाहेरचा पहिलाच. नवा आहे, छोटा आहे, मोठ्या कॅम्पसची सवय असेल तर थोडं सुनं वाटेल, आणि घर दार-एस-सलामला ठेवायचं म्हणजे फेरीने दोनेक तास ये-जा आलीच. पण माझं मॉडेल 98 टक्के अचूक येतंय म्हणून मी खुशीत होतो, तेव्हा वर्गात शेजारी बसलेल्या पेंबा बेटावरच्या पोराने कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं, ट्रेनिंगचाच डेटा टेस्टमध्ये शिरला होता, म्हणजे मॉडेलला आधी दाखवलेलीच उत्तरं परत विचारली जात होती आणि ते 98 टक्के फसवे होते. ऑनलाइनला हीच चूक मी टर्मभर करत होतो, कुणाच्या नजरेस पडली नाही.

रवांडात किगालीला कार्नेगी मेलन या अमेरिकन युनिव्हर्सिटीचा कॅम्पस 2011 पासून आहे, नाव मोठं आहे, आयटी आणि इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर इंजिनिअरिंगही आहे, एकट्या माणसाने तिकडेही जरूर बघावं. मला ते घरापासून लांब पडत होतं इतकंच.

डोक्यावर कर्ज असेल, पगार थांबवता येत नसेल तर ऑनलाइनही कदाचित जमेल. फक्त फी भरायच्या आधी, पेपर चालू असताना नेट गेलं तर पुढे काय, हे त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या. माझ्याकडे ते नव्हतं.