रॅम ड्राइव्ह की एसएसडी: लाइट जाणाऱ्या गावातून

भाच्याचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडं आला तो एकाच तक्रारीवर: "मामा, गेम अटकायलीय." आय-थ्री २१०० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, रॅमची ४ जीबीची एकच पट्टी, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच. नवं कार्ड घ्यायचं नव्हतं. त्याला कुणीतरी सांगितलेलं, रॅम ड्राइव्ह केला की ग्राफिक्स पळतं.

पळत नाही. रॅमचा तुकडा डिस्क म्हणून वापरला की फाइल लवकर उघडते, चित्र काढायचा वेग तोच राहतो. मात्र हार्ड डिस्कवरून टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं, येईपर्यंत मध्येच जो झटका बसतो, तो जातो. आमचं दुखणं तेच होतं, म्हणून रॅम ड्राइव्ह आणि एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी, हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) असे दोन्ही उपाय करून पाहिले.

आधी ४ जीबीची दुसरी पट्टी टाकली आणि इमडिस्क नावाच्या सॉफ्टवेअरनं २ जीबीचा रॅम ड्राइव्ह केला. क्रिकेटची जुनी गेम त्यात आरामात बसली. वेगाचं म्हणाल तर एसएसडी त्याच्या जवळपासही येत नाही. त्यात एच६१ वर साटा, म्हणजे डिस्क जोडायचा पोर्ट, ३ जीबीपीएसचाच, म्हणजे सेकंदाला ३०० एमबीच्या आतच. पण नंतर एसएसडी बसवून भाच्याला न सांगता खेळायला लावलं, तर त्याला फरक ओळखता आला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

फरक कळला तो लाइटीमुळं. परभणीकडं मे महिन्यात संध्याकाळी वावटळ सुटली की पहिली लाइट जाते. यूपीएसची बॅटरी कधीच पिकलेली. एकदा टीं करतो आणि गप्प. रॅममधलं सगळं साफ. आमची गेम सेव्ह फाइल स्वतःच्याच फोल्डरात ठेवायची, तर पोराची अर्धी स्पर्धा गेली. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. ड्राइव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, डिस्कवर ठेवायची सोय असते, पण ती नीट शटडाउन केलं तरच कामाची. सेव्ह फाइल बाहेर काढून दिली. तरी लाइट आली की त्याच म्हाताऱ्या हार्ड डिस्कवरून ड्राइव्ह पुन्हा भरा. गेममध्ये वाचवलेला वेळ इथं द्यायचा, दिवसातून तीनदा.

शिवाय प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं. त्यातले २ जीबी ड्राइव्हला दिले आणि मागं ब्राउझर उघडा राहिला की विंडोज पुन्हा हार्ड डिस्क खरडायला लागायची. ग्राफिक्सला खरा हात दिला तो दुसऱ्या पट्टीनं: ड्युअल चॅनल झालं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम वापरात आल्या, आणि सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढल्या, ड्राइव्ह असो नसो. एकाच पट्टीवर असाल तर आधी तेवढं करा.

घरात धड इन्व्हर्टर असेल, १६ जीबी रॅम असेल आणि फोटोशॉपच्या तात्पुरत्या (स्क्रॅच) फायलींसारखं गेलं तरी दुःख नाही असं काही ठेवायचं असेल, तर रॅम ड्राइव्ह वाईट नाही. एसएसडीलाही अचानक लाइट जाणं मानवत नाही; लिहिणं चालू असलं तर ती फाइल बिघडू शकते. पण कालचं काल ठेवलेल्या जागी सापडतं.

मी रॅम ड्राइव्ह काढून टाकला, दोन्ही पट्ट्या तशाच ठेवल्या. परवा लाइट तीनदा गेली. भाचा ओरडला, पण पंखा बंद पडला म्हणून.