लुगर पी-०८ चं होल्स्टर: नक्कल सुबक, पण अस्सल नव्हे

'महायुद्धातलं अस्सल' म्हणून विकलं जाणारं लुगर पी-०८ या जर्मन पिस्तुलाचं हे काळं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं चामडी कव्हर, मजबूत आहे. संग्रहासाठी मात्र घेऊ नका. आधी पाठ बघा. अस्सल जर्मन होल्स्टरवर कारखानदाराचं नाव, गाव, साल असतं. साधारण १९४१ पासून नावाऐवजी बहुधा तीन अक्षरी संकेत, शेजारी गरुडाचा ठसा आणि तपासनिसाचा क्रमांक. इथे संकेत आहे, पण ठशाच्या काठाला चामड्याचा पापुद्रा फुटलाय. म्हणजे ठसा सुकलेल्या चामड्यावर नंतर मारलाय! ओलसर, नव्या चामड्यावर काठ गुळगुळीत दबतात. दोरा सगळीकडे सारखाच पांढराशुभ्र, घासल्याची खूणच नाही. झाकणाच्या आत पिस्तूल खोलायच्या छोट्या अवजारासाठी खिसा आहे, बाजूला मॅगझिनचीही (गोळ्यांच्या पेटीची) जागा आहे. त्यावर भुलू नका, नकलेतही ते असतं. खरंच जुनं मिळालं तर पट्टा वाकवून पाहू नका, तुटतो.