कवटीचं प्लास्टिक मॉडेल: जबड्यासाठी घ्या, दातांसाठी नको

बहिणीच्या बीडीएस म्हणजे डेंटलच्या फर्स्ट इयरसाठी मागवलं, पण खरं सांगायचं तर मीच जास्त खेळतेय त्याच्याशी. खालचा जबडा म्हणजे मॅन्डिबल पूर्ण सुटा निघतो, दोन्ही बाजूंना स्प्रिंग आहेत आणि उघडझाप करून बघितली की नाव असं का पडलं ते लगेच डोक्यात शिरतं, लॅटिनमध्ये मान्देरे म्हणजे चावणं, आणि कानातली बारकी हाडं सोडली तर कवटीत हलणारं हाड हे एकच. वरचा टोकदार कोंब, कोरोनॉइड प्रोसेस, मस्त कोरलाय, ग्रीकमध्ये कोरोने म्हणजे कावळा, चोचीसारखा वाकडा म्हणून ते नाव.

पण मेंटल फोरामेन, म्हणजे हनुवटीच्या बाजूचं छिद्र, तिथे भोक न पाडता नुसता काळा ठिपका दिलाय, हे काय पटलं नाही बुवा, तिथूनच तर हनुवटीची नस बाहेर येते! आणि या मेंटलचा मनाशी काही संबंध नाही हां, लॅटिन मेंटुम म्हणजे हनुवटी. आपल्याकडे संस्कृतात हनु म्हणजे जबडा, हनुमान त्यावरूनच.

डावी स्प्रिंग ढिली आलीये, दात चिकटवलेले आहेत. किमतीच्या मानाने ठीक, पण डेंटलवाल्यांनी सुटे दात निघणारंच बघा.