पूर्ण ओढीत अवघडतंय? लांबी बदलावी, लेट-ऑफ की वजन?

कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढलं की टोकाचं चाक, म्हणजे कॅम, वळतो आणि हातावरचा भार एकदम उतरतो. तो किती टक्के उतरतो, त्याला लेट-ऑफ म्हणतात. तरीही त्या पाच-सात सेकंदांत खांदा भरून येत असेल, मान आखडत असेल किंवा साईटची पिन थरथरत असेल, तर बहुतेक जण आधी लिंबचे (धनुष्याच्या लवचीक पात्यांचे) बोल्ट सैल करून वजन, म्हणजे ओढायला लागणारा जोर, उतरवतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. पूर्ण ओढीतल्या त्रासाचं मूळ बहुतेक वेळा ओढीच्या लांबीत, म्हणजे तार किती मागे येते त्यात असतं. वजनाचा त्रास त्याआधी, ओढताना होतो.

साधा हिशेब करू. ६० पौंडांचं धनुष्य आणि ८० टक्के लेट-ऑफ असेल, तर पूर्ण ओढीत हातावर १२ पौंड राहतात. बोल्ट सैल करून वजन ५० वर आणलं तर १० राहतात. म्हणजे दहा पौंड उतरवून धरताना फायदा झाला दोनच पौंडांचा. उलट ६० वरच ठेवून लेट-ऑफ ६५ टक्के असेल तर २१ पौंड धरावे लागतात आणि ९० टक्के असेल तर अवघे ६. आकडे पाहून लेट-ऑफ वाढवावासा वाटेल, पण त्याआधी लांबी तपासा.

दोन्ही हात सरळ पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. ६७ इंच आलं तर ओढीची लांबी २६.८, म्हणजे पावणेसत्तावीसच्या आसपास. हा फक्त अंदाज आहे, पुढचं शरीरच सांगतं. लांबी जास्त असेल तर कंबरेपासून मागे झुकायला होतं, धनुष्याकडचा खांदा वर चढतो, डोकं तारेपासून मागे न्यावं लागतं आणि सुटलेली तार हाताला फटकते. कमी असेल तर सगळं आखडल्यासारखं होतं: धनुष्याचा हात कोपरात जास्त वाकतो, पाठीचे स्नायू कामालाच लागत नाहीत आणि भार दंडावर येतो. जास्त लांबीची चूक अधिक दिसते, कारण तिच्यात वेगाचा मोह आहे. एका इंचामागे बाणाला सेकंदाला साधारण दहा फूट मिळतात. अर्धा इंच कमी करून पाचेक फूट गेले तरी पिन स्थिर राहत असेल, तर मी तो सौदा डोळे झाकून करेन.

आता लांबी मॉड्यूलने (कॅमवरचा लांबी ठरवणारा तुकडा) बदलायची की डी-लूप (तारेला बांधलेला दोरीचा फास) आणि रिलीजने (तो फास धरून सोडणारं साधन)? हे ठरवायला तार चेहऱ्याच्या कुठे येते ते बाजूने फोटो काढून पाहा. तार नाकाच्या टोकाला हलकी टेकतेय, डोकं सरळ आहे, पण ओढणारा कोपर बाणाच्या रेषेत येत नाही, असं असेल तर धनुष्याला हात लावू नका. लूप थोडा लहान-मोठा करा, नाहीतर मनगटी रिलीजचा पट्टा जुळवा. तारच गालाच्या फार मागे किंवा पुढे राहत असेल, तर लूपने काहीही साधणार नाही. तिथे मॉड्यूलच हवं. फिरवायचं मॉड्यूल असेल तर बहुतेक धनुष्यांत दोन स्क्रूचं काम. काही जुन्या कॅमना मात्र पूर्ण कॅमच बदलावा लागतो आणि ते बो-प्रेसशिवाय (लिंब दाबून तार सैल करणारं यंत्र) करू नये. दोन कॅमच्या धनुष्यात वरचं आणि खालचं मॉड्यूल एकाच खुणेवर हवं.

लांबी जुळल्यावरही धरून ठेवणं जड जात असेल, तर लेट-ऑफकडे या. शिकारीत बराच वेळ ओढून थांबावं लागतं, तिथे ८५-९० टक्के उपयोगी. पण हातावर फार कमी भार राहिला की पिन भरकटते आणि मुठीचा जरासा पीळही बाणात उतरतो. म्हणून लक्ष्यावर नेम धरणारे अनेक तिरंदाज मुद्दाम कमी लेट-ऑफ ठेवतात. आणखी एक अडचण: ज्या धनुष्यांत स्टॉप (ओढ जिथे अडते तो खुंट) सरकवून लेट-ऑफ बदलतो, तिथे त्याबरोबर लांबीही थोडी बदलते. लेट-ऑफसाठी वेगळं मॉड्यूल मिळत असेल तर तेच बरं.

शेवटी ओढ कशाला अडते तेही जाणवतं. लिंबला टेकणारा स्टॉप भिंतीसारखा कडक लागतो, केबलला टेकणारा थोडा मऊ. पाठीने ओढत राहून रिलीज सोडणाऱ्यांना कडक आवडतो. बाकीच्यांनी यावर फार डोकं खपवू नये.

वजन कधी उतरवायचं? धनुष्य लक्ष्याच्या दिशेने सरळ धरून, आकाशाकडे न उचलता ओढता येत नसेल, तर आजच. स्पर्धेच्या विचाराने जास्त वजनाला चिकटून राहण्यातही अर्थ नाही. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमात कंपाउंडची कमाल मर्यादाच ६० पौंड आहे. दोन्ही बोल्ट सारखेच फिरवा, एका फेऱ्यात साधारण दोन-तीन पौंड फरक पडतो, आणि पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपलीकडे जाऊ नका. फरक मोठा असेल तर आधीच्या बाणांचा कडकपणा नव्या वजनाला जुळतो का तेही पाहावं लागेल.

मान दुखण्याचं एक कारण मात्र यातल्या कशानेच सुटत नाही. दोन ॲक्सलमधलं अंतर कमी असलेल्या आखूड धनुष्यात तारेचा कोन टोकदार होतो आणि लांब ओढीच्या माणसाला पीपमधून (तारेत बसवलेलं नेमाचं भोक) पाहायला मान वाकवावी लागते. पीप थोडा वर-खाली करून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर ट्यूनिंगवर पैसे घालण्यापेक्षा लांब धनुष्य घेणं शहाणपणाचं.