जलरंग की तैलरंग: भिंत एक, मित्रांची चित्रं दोन

चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराचं चित्र घरात लावायचं म्हणजे रोज थोडा हेवा भिंतीवर टांगायचा. अदलाबदलीत माझ्याकडे दोन आली. एका मैत्रिणीचं जलरंगातलं पाणथळ आणि एका मित्राची तैलरंगातली रिकामी खोली.

पहिल्या नजरेत जलरंग बाजी मारतं. ओल्या कागदावर ओला रंग सोडून उतरलेलं आकाश, कागदाचा पांढरा राखून उजळवलेलं पाणी. मला हे अजून जमलेलं नाही. तैलचित्र अबोल. मातकट करडे रंग, सुरीने ओढलेले जाड थर. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर मी दोन मिनिटंही थांबलो नव्हतो.

दोन्ही महिना-महिना लावून पाहिली आणि घोडं अडलं ते काचेवर. कागदावरच्या कामाला काच हवीच. पण सकाळी तिच्यात खिडकी दिसायची, संध्याकाळी दिवा, आणि आकाशातली सगळ्यात गडद, नाजूक जागा बघायला जवळ जावं तर नेमका माझाच चष्मा. फ्रेम वरून पुढे झुकवली, दिवा हलवला, शेवटी खुर्चीच हलवली. प्रतिबिंब कमी करणारी काच मिळते, फरकही पडतो. पण गडद छटांवर तिची हिरवट झाक मला खुपत राहिली. संशयी स्वभाव असेल माझा.

त्यात उजेडाचं दुखणं. संग्रहालयांत कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश देतात, तैलचित्रांना २००च्या आसपास चालतो. मैत्रिणीच्या आकाशात अलिझारिन क्रिमसन या गडद लाल रंगाचा पातळ, पाणीदार थर आहे, आणि तो उजेडात लवकर उडतो. म्हणून चित्रावरचा उजेड कमी करावा, तर काचेत खोलीच जास्त दिसते! तैलरंगाचं उलट आहे. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात तो पिवळेपणा बराच उतरतो. खिडकीचा तिरपा उजेड आला की त्या जाड थरांच्या सावल्या सरकतात, रिकाम्या खोलीत कुणीतरी वावरून गेल्यासारख्या. धूळ मात्र बसते त्यांच्यात, आणि वार्निशसाठी अजून काही महिने थांबायचं आहे.

तुमची भिंत खिडकीसमोर नसेल, तर कदाचित जलरंगच घ्यावं. मी अडवणार नाही. माझ्याकडे ते आता आम्लविरहित कागदात, खणात सपाट ठेवलंय. अधूनमधून काढतो आणि काचेशिवाय, हातात धरून बघतो.