दादरचा वीकेंड पीआर कोर्स : लिहायला झकास शिकवतात, नोकरीचं मात्र आधी नीट विचारून घ्या

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय आणि त्यातले तीन एकट्या शनिवारच्या लेखनाच्या तासाला. बीए, बीकॉम, काहीही करून ज्यांना पीआरमध्ये (पब्लिक रिलेशन्स, म्हणजे जनसंपर्क) शिरायचंय, या लाईनमध्ये ओळखीचं कुणी नाही, इंग्रजी बरं आहे पण फाडफाड नाही, त्यांनी हा कोर्स करायला हरकत नाही, फक्त खाली प्लेसमेंटबद्दल लिहिलंय ते वाचून मगच फी भरा. संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण मुंबई-पुण्यात असे कोर्स बरेच आहेत आणि मी सांगतेय ते त्यातल्या कुठल्याही कोर्सला लावून बघता येईल.

आधी साधी माहिती. चार महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, शनिवार-रविवार, फी चाळीस हजारांच्या आसपास, हप्त्यात भरता येते. शिकवणं मराठी-इंग्रजी मिक्स. माझ्या बॅचमध्ये डोंबिवली-विरारची मुलं जास्त, एक मुलगा दर शनिवारी नाशिकहून यायचा, मी कराडची, इथे मावशीकडे राहून करत होते. वर्ग, एसी, प्रोजेक्टर सगळं ठीक. लायब्ररी नावाला आहे, पण त्याने फारसं अडत नाही.

आता तो शनिवारचा तास. शिकवायला जे सर येतात ते बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर (आलेल्या बातम्या निवडून, सुधारून पानात लावतात तो विभाग) होते, आणि ते पहिल्या दिवशी पीआरची व्याख्या वगैरे काही सांगत नाहीत, टेबलावर त्या दिवशीचे लोकसत्ता, मटा, सकाळ, लोकमत, पुढारी टाकतात आणि म्हणतात यातल्या कुठल्या बातम्या प्रेसनोटवरून (म्हणजे कंपनीने पेपरला पाठवलेल्या मजकुरावरून) आल्यात त्यावर पेनाने खूण करा. पहिल्या शनिवारी कुणालाच धड जमत नाही. दोन-तीन आठवडे गेले की नजर बसते, कुठल्या बातमीत रिपोर्टर स्वतः जाऊन आलाय, कुठल्या बातमीत कंपनीच्या माणसाचं वाक्य जसंच्या तसं छापलंय, कुठे प्रेसनोटचा दुसरा पॅरा कापून इंट्रो (बातमीचा पहिला पॅरा) केलाय, हे कळायला लागतं. माझ्या मते पीआर शिकायची यापेक्षा चांगली सुरुवात नाही, कारण आपण पाठवलेल्या कागदाचं डेस्कवर काय होतं हे माहीत नसेल तर तो कागद लिहायचा कसा?

मग लिहायला बसवतात. एक एक्सरसाइज सांगते म्हणजे अंदाज येईल. कोल्हापूरच्या एका काल्पनिक हॉस्पिटलने गुडघे बदलायच्या ऑपरेशनसाठी रोबोट आणलाय, प्रेसनोट लिहा. सगळ्यांनी जवळपास सारखंच लिहिलं, अत्याधुनिक तंत्रज्ञान, रुग्णसेवेत नवे पर्व, आम्हाला सांगताना अत्यंत आनंद होत आहे. सर प्रत्येकाचा कागद हातात घेऊन फक्त प्रश्न विचारत गेले. खर्च किती येणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का? पेशंट किती दिवसांत घरी जातो? ऑपरेशन करणारा डॉक्टर हॉस्पिटलचाच आहे की महिन्यातून एकदा पुण्याहून येणार? आत्तापर्यंत इथला पेशंट कुठे जात होता? या प्रश्नांची उत्तरं नसतील तर क्लायंटला फोन करून मिळवायची, ती मिळवणं हीच तुमची नोकरी, असं ते दर वेळी सांगायचे. दुसऱ्या वेळी लिहिलेल्या नोट्स अर्ध्या लांबीच्या झाल्या आणि खरंच वाचाव्याशा वाटल्या, सांगली-गडहिंग्लजचा माणूस त्यात आपल्या कामाचं काही शोधू शकला असता.

याच तासात अजून बऱ्याच बारीक गोष्टी मिळाल्या ज्या आता रोज लागतात. इंट्रोमध्ये कोण, काय, कुठे, कधी हे संपवायचं, कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरचा कोट दुसऱ्या-तिसऱ्या पॅराला आणि त्यात माहिती पाहिजे, नुसती विशेषणं नकोत. कंपनीची ओळख सगळ्यात शेवटी. फोटोखाली नावं डावीकडून उजवीकडे आणि शुद्ध, कारण आडनाव चुकीचं छापलं की तो फोन तुम्हालाच येतो. मेलमध्ये मजकूर युनिकोडमध्ये टाकायचा, वर्ड फाईल वेगळी जोडायची, नुसती पीडीएफ पाठवून डेस्कला परत टाईप करायला लावायचं नाही. आणि संध्याकाळी पान लागायच्या घाईत फोन करून "सर प्रेसनोट मिळाली का" असं विचारायचं नाही. डाक एडिशन शहरापेक्षा लवकर सुटतं, म्हणजे तालुक्याच्या गावाला पोचणाऱ्या पेपरात बातमी हवी असेल तर दुपारीच पाठवायला पाहिजे, हे मला आधी कुणीच सांगितलेलं नव्हतं. एकच प्रेसनोट सगळ्या एडिशन्सना ढकलायची नाही हा सरांचा सगळ्यात मोठा आग्रह, नागपूरला नागपूरचा आकडा वर घ्या, कोल्हापूरला कोल्हापूरचा, जिथे त्या जिल्ह्यातलं काहीच नाही तिथे पाठवूच नका. बऱ्याच मोठ्या एजन्सीजमध्येसुद्धा मराठी प्रेसनोट म्हणजे इंग्रजीवरून उलटून घेतलेला कागद एवढंच असतं, त्यामुळे ज्याला मराठीत बातमी लिहिता येते त्याच्याकडे ऑफिसमध्ये लोक स्वतःहून कामं घेऊन येतात. हे मी रोज बघतेय.

थिअरीचे लेक्चर्स सरासरी. स्लाइड वाचून दाखवतात, जाहिरात आणि पीआरमधला फरक (तिथे जागा विकत घेता, इथे संपादकाला बातमी पटावी लागते) तीनदा येतो. त्यातला आयव्ही ली या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पीआर सल्लागाराचा भाग मात्र चांगला होता, १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पाण्यात पडली आणि अपघात दडपायच्या ऐवजी लीच्या सल्ल्याने रेल्वेकडूनच पत्रकारांना लेखी निवेदन दिलं गेलं, पहिली प्रेसनोट म्हणून बहुतेकजण त्याचाच दाखला देतात. पुढे १९५८ मध्ये आपल्याकडे पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया झाली, २१ एप्रिलला जनसंपर्क दिन असतो, हे सगळं इंटरव्ह्यूला विचारतात म्हणून लक्षात ठेवा, बाकी घरी वाचलं तरी चालेल.

क्रायसिसचा रविवार चुकवू नका. एक मॅडम येतात, कॉर्पोरेट कम्युनिकेशनमधल्या, त्यांनी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाची केस घेतली (१९८२, शिकागो परिसर, कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण गेले, जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या), पण खरा वेळ दिला कॅडबरीला. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर, मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या, आपल्या राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार गेली, पुणे प्लांटचा साठा जप्त झाला. कंपनीचा पहिला पवित्रा असा की आमच्याकडून माल चांगलाच निघतो, दुकानात साठवणूक नीट होत नाही. मॅडमनी आम्हाला इथेच थांबवलं आणि विचारलं, तुम्ही आई आहात आणि मुलाच्या हातात ते चॉकलेट आहे, हे उत्तर ऐकून तुम्हाला काय वाटेल? वर्गात बराच वेळ वाद झाला. मग पुढचं सांगितलं, दुकानदारांना साठवणूक नीट करायला शिकवणारा प्रोजेक्ट विश्वास, २००४ च्या सुरुवातीला बदललेलं जास्तीचं सीलबंद पॅकिंग, आणि त्यानंतर जाहिरातीत अमिताभ बच्चन. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटला, आधी वस्तूत बदल आणि मग चेहरा, उलटं केलं असतं तर लोकांनी ऐकून घेतलं नसतं. त्यानंतर मॉक प्रेस कॉन्फरन्स घेतात, अर्धा वर्ग पत्रकार, अर्धा कंपनी, आणि पत्रकार झालेली मुलं अजिबात सोडत नाहीत. "नो कमेंट" म्हणायची बंदी असते. माहिती नसेल तर नाही म्हणून सांगायचं, किती वाजेपर्यंत मिळेल तेही सांगायचं आणि त्या वेळेला स्वतःहून फोन करायचा, हे तिथे घाम फुटून शिकता येतं ते बरं, क्लायंटच्या जिवावर शिकण्यापेक्षा.

एका मुलाने सरळ विचारलं होतं की बातमी छापायला पत्रकारांना पाकीट किती द्यायचं असतं. मॅडम चिडल्या नाहीत, २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजवर (पैसे घेऊन छापलेल्या बातम्या) केवढं वादळ उठलं, प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये त्यावर अहवाल द्यावा लागला, हे सगळं शांतपणे सांगितलं आणि म्हणाल्या पैसे देऊन जागा घ्यायची असेल तर उघड घ्या, वर जाहिरात असं छापून घ्या. नवीन मुलांना हे कुणीतरी असं स्पष्ट सांगायलाच हवं, कारण पहिल्या नोकरीत वरचा माणूस काय सांगेल याची खात्री नसते आणि तेव्हा आपल्याकडे स्वतःचं उत्तर तयार पाहिजे.

आता दीड स्टार कुठे गेला ते.

मोजमापाचं शिकवणं जुनं आहे. बातमी किती कॉलम सेंटीमीटर आली त्याला जाहिरातीच्या रेटने गुणायचं आणि क्लायंटला सांगायचं तुम्हाला एवढ्या लाखांचं कव्हरेज मिळालं, हेच आम्हाला पक्कं करून घेतलं. जगभरच्या या धंद्यातल्या लोकांनी २०१० मध्ये बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्ये लिहून ठेवलंय की जाहिरातीचा दर ही पीआरची किंमत नाही, त्याचा वर्गात साधा उल्लेखसुद्धा नाही. क्लायंट अजून तो आकडा मागतात हे खरं, मलाही दर महिन्याला रिपोर्टमध्ये भरावा लागतो, पण मग दोन्ही शिकवा ना, आकडा कसा काढायचा आणि तो पुरेसा का नाही. त्या हॉस्पिटलच्या नोटनंतर ओपीडीत चौकशा वाढल्या का, हे विचारायला शिकवलं असतं तर शनिवारच्या तासाशी किती छान जोडलं गेलं असतं.

डिजिटल म्हणजे रील कशी बनवायची, एवढंच. इन्फ्लुएन्सरला पैसे दिले तर पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला लागतं, एएससीआय या जाहिरातवाल्यांच्याच स्वनियमन संस्थेची २०२१ ची गाईडलाईन आहे, हे मला नोकरीत कळलं, कोर्समध्ये नाही.

सरकारी जनसंपर्क तर पूर्ण गाळलाय आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मराठी मुलांसाठी तो केवढा मोठा रस्ता आहे! राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, लोकराज्य मासिक तेच काढतात, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती अधिकारी असतो, ही पदं एमपीएससीतून भरतात, शिवाय महावितरण, एसटी, रेल्वे, महापालिका सगळीकडे जनसंपर्क अधिकारी असतात. पूर आला की लोकांपर्यंत खरी माहिती वेळेवर पोचवणं हे पीआरमधलं सगळ्यात जबाबदारीचं काम असेल आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना असं काही पद असतं हेच माहीत नव्हतं. एक रविवार एखाद्या जिल्हा माहिती अधिकाऱ्याला बोलवायला काय हरकत आहे.

आणि प्लेसमेंट. ब्रोशरवर शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स, त्यातला असिस्टन्स हा शब्द बारीक. आमच्या वेळी प्रत्यक्षात काय मिळालं तर काही एजन्सीजच्या इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू, स्टायपेंड असा की अंधेरीला रूम घेऊन राहणाऱ्याचं भाडंसुद्धा निघणार नाही. नाशिकच्या मुलाला त्यामुळे ती इंटर्नशिप सोडावी लागली आणि वर्गातली सगळ्यात चांगली प्रेसनोट तो लिहायचा. मी दोनदा ऑफिसला विचारलं की मागच्या बॅचमधल्या किती जणांना पगाराची नोकरी लागली, दोन्ही वेळा वेगवेगळी उत्तरं. म्हणून तुम्ही जाल तेव्हा हा प्रश्न लेखी विचारा, मेलवर, आणि मागच्या बॅचच्या दोघा-तिघांशी बोलायला द्या म्हणा. द्यायला का-कू केली तर समजून घ्या.

मला नोकरी लागली ती कोर्समधल्या फाईलवर. सर सगळ्यांना एक फाईल करायला लावतात, त्यात स्वतः लिहिलेल्या प्रेसनोट्स, एक मीडिया लिस्ट (कुठल्या पेपरात कुठला बीट, म्हणजे विषय, कोण बघतं, ही स्वतः फोन करून करायची, कुणाची कॉपी नाही) आणि एखाद्या खऱ्या बातमीचं विश्लेषण. इंटरव्ह्यूला माझ्या सर्टिफिकेटकडे कुणी बघितलं नाही, फाईल मात्र पानं उलटून वाचली आणि तिथल्या तिथे एक मराठी प्रेसनोट लिहायला दिली. आता सकाळी लवकर पेपर चाळून क्लायंटच्या बातम्या शोधते, कव्हरेज शीट (कुठे काय छापून आलं त्याचा तक्ता) भरते, मग मीटिंग, मग फॉलोअपचे फोन. सुरुवातीचं काम बरंचसं असंच असतं, इव्हेंट आणि सेलिब्रिटी फार लांब असतात, पण एखाद्या छोट्या कारखान्याची बातमी नीट छापून आली आणि मालकाने कात्रण फ्रेम करून लावलं की फार बरं वाटतं.

ज्यांच्याकडे पूर्ण वेळ आणि पैसे आहेत त्यांनी आधी मोठे पर्याय बघा, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि सिम्बायोसिस, मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स किंवा विद्यापीठाचं गरवारे इन्स्टिट्यूट, विदर्भातल्यांना अमरावतीला आयआयएमसीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) केंद्र आहे. तिथे ओळखी जास्त होतात आणि पहिल्या नोकरीला त्याचा उपयोग होतो. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारमध्येच बसवायचं असेल तर हा दादरचा ठीक आहे. भरायच्या आधी एक शनिवार डेमोला बसू द्या म्हणून सांगा, देतात, आणि त्या दिवशी लेखनाचे सर आहेत का ते फोन करून विचारून जा, कारण त्यांच्या ऐवजी दुसरं कुणी शिकवणार असेल तर एवढी फी द्यायला मी सांगणार नाही.