तापी वाचायला टोपोशीट: हतनूर-चांगदेव पट्ट्यापुरता अनुभव

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचे, जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे (टोपोशीट) पीडीएफमध्ये फुकट मिळतात. खानदेशातली तापी समजून घ्यायला हे घ्यावेतच, फक्त शीट निवडताना सांभाळा. भुसावळ आणि तापीवरचं हतनूर धरण जुन्या क्रमांकाच्या ४६ ओ/१६ शीटवर येतात. तापी-पूर्णा संगम मात्र ७६ अंश रेखांशाला लागून, म्हणजे ऐन कागदाच्या कडेला. त्यामुळे संगमावरच्या चांगदेवसाठी शेजारचं ५५ सी/४ सुद्धा उतरवा, नाहीतर पूर्णा कुठून आली तेच दिसत नाही.

आता खरी गोम. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटरच्या अंतराने आहेत. हतनूरची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावरची पाण्याची उंची, २१४ मीटर. नकाशावर २०० ची रेषा आहे, मग थेट २२० ची. म्हणजे फुगवट्याचं, धरणामागे तुंबलेलं पाणी कुठल्या शेतापर्यंत येतं, हे या रेषांवरून काढूच नका. काठाची उंची हवी असेल तर पात्रालगत छापलेले '८आर', '१२आर' अशा धर्तीचे बारके आकडे शोधा. दरड तळापासून तितके मीटर उंच, असा त्यांचा अर्थ. तापीच्या दोन्ही काठांना गाळाची जाड माती आहे, पावसाचं पाणी ती कापत जातं आणि घळी पडतात. हे आकडे आणि तुटक्या जमिनीच्या खुणा एकत्र पाहिल्या की ते कागदावर स्पष्ट दिसतं. इथे हा नकाशा उपग्रह चित्रापेक्षा सरस आहे.

काळी रेघ म्हणजे पावसाळ्यानंतर आटणारा ओहोळ, निळी म्हणजे पाणी. नवखे लोक काळी रेघ पायवाट समजतात!

चार-सहा शीट जोडली तर आणखी एक गोष्ट कळते. सातपुडा नदीला जवळ, म्हणून उत्तरेच्या सुकी, मोर या उपनद्या आखूड; दक्षिणेच्या गिरणा, पांझरा लांबलचक.

छपाई ए१ कागदावर, 'मूळ आकार' निवडून करा. दुकानदार सवयीने 'पानात बसवा' करतो आणि प्रमाण बिघडतं. पट्टीने तपासा: प्रमाणपट्टीवरचा एक किलोमीटर बरोबर २ सेंटिमीटर भरला पाहिजे.